साक्षीच्या पिंजऱ्यातले वाद्य

हार्पसिकॉर्डची एखादी सीडी हातात घ्या आणि तिच्यासोबतच्या पुस्तिकेत अगदी बारीक टायपात काय छापले आहे ते पाहा. तिथे बहुतेक वेळा एक ओळ सापडते: वाद्य अमुक कारागिराचे, अमुक शहरातले, अमुक सालचे. क्रिस्तॉफ रुसे या फ्रेंच वादकाने बाखचा ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’ ध्वनिमुद्रित केला, त्यावरची ओळ सांगते की वाद्य योहानेस रुकर्सचे, अँटवर्पचे, १६२८ सालचे, आणि मुक्काम व्हर्सायचा राजवाडा. एवढे वाचले की ऐकणाऱ्याची मान ऐकण्याआधीच डोलू लागते. चारशे वर्षांचे लाकूड, राजवाडा आणि त्यावर बाख! आजचा विषय ही ओळच आहे. ती नेमका काय दावा करते आणि तो दावा कुठवर टिकतो, हे पाहायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जुने वाद्य हा साक्षीदार आहे. साक्षीदाराला कोणी हारतुरे घालत नाही, त्याची उलटतपासणी घेतात. या साक्षीदाराची घेतली तर तो बऱ्याच ठिकाणी अडखळतो. तरीही त्याच्या साक्षीतला एक भाग असा उरतो, की तो दुसऱ्या कोणाकडून मिळाला नसता.

आधी वाद्याच्या पोटात डोकावू. हार्पसिकॉर्ड दिसतो पियानोसारखा, पण कुळाने तो सतारीच्या जवळचा. पियानोत हातोडी तारेवर आपटते, इथे तार छेडली जाते. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली लाकडाची एक पातळ चीप वर उचलली जाते. तिला जॅक म्हणतात. जॅकच्या वरच्या अंगाला एक छोटी हलती जीभ असते आणि त्या जिभेत पिसाच्या देठाची नखी खोचलेली असते, पूर्वी बहुधा डोमकावळ्याच्या पिसाची. ही नखी तारेला खालून टेकते, किंचित वाकते आणि तार छेडून वर निसटते. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, जीभ मागे कलते, नखी तारेला चाटून खाली उतरते आणि शेजारी लावलेला लोकरी कापडाचा तुकडा तारेवर बसून तिचा आवाज बंद करतो. नखी परतताना बारीकशी ‘टक’ ऐकू येते. चांगल्या ध्वनिमुद्रणात ती पुसलेली नसते. आता यातली अडचण बघा. बोट जोरात मारा नाहीतर अलगद ठेवा, आवाज जवळजवळ तेवढाच. पियानो वाजवणाऱ्याचे निम्मे भांडवल इथे पहिल्याच मिनिटाला संपते. हातात उरते ते केव्हा छेडायचे आणि केव्हा सोडायचे, एवढेच. एखादा स्वर केसभर उशिरा आला तर तो वजनदार वाटतो. आधीचा स्वर सोडायला जरा रेंगाळले तर दोन स्वर एकमेकांत मुरतात. म्हणून तार किती चटकन बोलते आणि बोलल्यावर किती वेळ गुंजते, यावर वादकाचा सगळा हिशेब चालतो, आणि तो हिशेब प्रत्येक घराण्याच्या वाद्यात वेगळा. इटलीतली वाद्ये पातळ सायप्रसची आणि बहुधा पितळी तारांची. आवाज फटकन उठतो आणि लवकर विरतो. अँटवर्पच्या रुकर्स कुटुंबाची वाद्ये अंगाने भक्कम, त्यांची आस गोल आणि लांब. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या वाद्यांचा खर्ज गडद, दाट. एकच रचना या तिघांवर एकाच पद्धतीने वाजवता येत नाही. आपला हात कसा चालवायचा हे वाद्य वादकाला सांगते, आणि माझ्या युक्तिवादाचा पाया हाच आहे.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाने मात्र हे बरेच उशिरा ऐकले. हार्पसिकॉर्डच्या अगदी पहिल्या तबकड्या व्हायोलेट गॉर्डन वुडहाउस या इंग्रज बाईंच्या, १९२० सालच्या. त्या ग्रामोफोन कंपनीने काढल्या. याच कंपनीच्या गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने १९०२ साली कलकत्त्याला गौहर जानचा आवाज कर्ण्यात धरला होता. कर्ण्यापुढे मोठ्या गळ्याची गायिका निभावून जाई. हार्पसिकॉर्डसारख्या नाजूक वाद्याचे त्यापुढे हालच होत. पुढे वीज आणि मायक्रोफोन आले, आणि त्यासोबत वांडा लांडोव्स्का. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थिरावलेल्या या बाईंनी हे वाद्य विसाव्या शतकाच्या मैफलीत परत आणले, हे निर्विवाद. पण त्यांचा हार्पसिकॉर्ड प्लेयेल या पियानो बनवणाऱ्या कारखान्याने तयार केला होता. १९१२ साली ब्रेस्लाऊच्या बाख महोत्सवात तो पहिल्यांदा वाजला. त्यात पियानोसारखी जाड चौकट, चामड्याच्या नख्या, स्वरांचे थर बदलायला पायाखाली पेडल आणि एक सप्तक खाली बोलणारा ‘सोळा फुटी’ तारांचा संच. १९३३ साली बाईंनी बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ध्वनिमुद्रित केल्या त्या याच वाद्यावर. आज हे प्लेयेल म्हणजे थट्टेचा विषय झाले आहे. मला ती थट्टा पोरकट वाटते. एका बाजूला जेमतेम चार मिनिटे मावणाऱ्या त्या तबकड्यांमधली लांडोव्स्काबाईंची लय आजही ताठ कण्याने उभी आहे, आणि नंतरच्या कितीतरी ‘शुद्ध’ वादकांकडे ती नाही. एवढे मात्र खरे, की त्या वाद्याला अठराव्या शतकाबद्दल काही विचारण्यात अर्थ नव्हता. अठराव्या शतकाचा समज विसाव्या शतकाने कसा करून घेतला होता, एवढेच ते सांगू शकत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले ते कारागिरांमुळे. फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड यांनी १९४९ साली बॉस्टनमध्ये एकत्र काम सुरू केले. जर्मनीत ब्रेमेनला मार्टिन स्कोव्रोनेक होता. पियानोच्या कारखान्यांनी दिलेले शहाणपण बाजूला ठेवून ही मंडळी जुन्या वाद्यांकडे गेली. लाकडाची जाडी, तारांची लांबी, तार कोणत्या जागी छेडली जाते, हे सगळे त्यांनी मोजले आणि तसेच बनवून पाहिले. हबर्डचे या विषयावरचे पुस्तक १९६५ साली आले, ते आजही जुने झालेले नाही. या खटाटोपाचे फळ ऐकायचे असेल तर गुस्ताव लेओनहार्ट या डच वादकाच्या तीन गोल्डबर्ग एकापाठोपाठ एक ऐका. पहिली १९५३ची. दुसरी १९६५ची, स्कोव्रोनेकने अँटवर्पच्या डुल्केनच्या १७४५ सालच्या वाद्यावरून बनवलेल्या हार्पसिकॉर्डवर. तिसरी सत्तरच्या दशकातली, डाउडने पॅरिसच्या ब्लांशेच्या नमुन्यावरून केलेल्या वाद्यावर. पहिल्या मुद्रणातली सरळसोट चाल तिसऱ्यापर्यंत येताना श्वास घ्यायला शिकते. स्वरसमूह एकदम न आदळता उलगडत जातात, शेवटचा स्वर रेंगाळतो. वाढते वय आणि अभ्यास ही कारणे आहेतच. पण हाताखालचे वाद्य बदलल्याशिवाय हा बदल असा झाला असता, हे मला पटत नाही.

आता उलटतपासणी. रुसेच्या त्या १६२८च्या रुकर्सकडे परत येऊ. सतराव्या शतकातली रुकर्सची दुहेरी वाद्ये मुळात आजच्यासारखी नव्हती. त्यांचे दोन कीबोर्ड एकमेकांपासून चार स्वरांच्या अंतरावर सरकवलेले असत, म्हणजे बसल्या जागी पट्टी बदलण्याची सोय. स्वरांचा पल्लाही तोकडा. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये रुकर्सच्या नावाला सोन्याचा भाव आला. मग तिथल्या कारागिरांनी ही वाद्ये उघडली, रुंद केली, जास्तीच्या पट्ट्या घातल्या, दोन्ही कीबोर्ड एका रेषेत आणले. फ्रेंच लोक या कामाला राव्हालमाँ म्हणत. व्हर्सायचे वाद्यही या कायापालटातून गेलेले आहे. म्हणजे ‘१६२८’ ही ओळ मुख्यत्वे जन्मतारीख सांगते, आज ऐकू येणारा आवाज निम्माअधिक पुढच्या शतकातल्या पॅरिसचा. त्यावर वाजतो तो बाख तर पॅरिसला कधी गेलाच नाही. त्याने १७१९ साली क्योथेनच्या दरबारासाठी हार्पसिकॉर्ड आणला तो बर्लिनच्या मीत्केकडून, आणि त्यासाठी दरबाराने १३० थालर मोजल्याची नोंद आहे. ते वाद्य आज नाही. शिवाय कोणत्याही जुन्या हार्पसिकॉर्डच्या तारा आज मूळच्या नसतात, कारण तारा तुटतात. जुन्या लोखंडी तारेतला फॉस्फरस आणि आजच्या पोलादी तारेची घडण यांचा स्वभाव वेगळा, हे धातुशास्त्रज्ञांनी दाखवल्यावर कुठे तार बनवणारे पुन्हा जुन्या कृतीकडे वळले. नख्यांचे म्हणाल तर कावळ्याच्या पिसाच्या जागी पुष्कळदा डेलरिन नावाचे प्लास्टिक असते. छेडणारे टोकच प्लास्टिकचे, आणि पुस्तिकेत त्याचा उल्लेख क्वचित!

इथवर साक्षीदार अडखळला, खोटे बोलला नाही. पण हार्पसिकॉर्डच्या दुनियेत सरळ खोटेही आहे, आणि तेही जुने. एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहात एक वाद्य आहे. ते झां गेरमान्स याने १७६४ साली बनवले. वीस वर्षांनी पास्कल तास्कँ या पॅरिसच्या नामांकित कारागिराने त्याची फेररचना केली आणि ते रुकर्सच्या नात्यातल्या कूशेचे म्हणून पुढे आले. जुने नाव लावले की किंमत वाढते, हे १७८०च्या दशकातही लोकांना ठाऊक होते. याच संग्रहात तास्कँचे स्वतःच्या नावाचे १७६९चे वाद्य आहे, आणि विसाव्या शतकात जगभरच्या कारागिरांनी ज्याच्या नकला सर्वांत जास्त केल्या ते हेच. नकलेचा मूळ नमुना देणारा माणूस स्वतः बनावट नाव चालवत होता, यातली गंमत जाता जाता नोंदवून ठेवतो. दुसरी गोष्ट आपल्या काळातली. लेओनहार्टकडे ‘निकोला लफेव्र, रूआँ, १७५५’ असे नाव असलेला एक हार्पसिकॉर्ड होता. जाणकार कानांनी तो अस्सल म्हणून ऐकला. २००२ साली स्कोव्रोनेकने एका विद्वत्पत्रिकेत लेख लिहून सांगितले की तो त्यानेच १९८०च्या दशकात बनवला होता. फसवणुकीचा हेतू नव्हता, असे त्याने लेखाच्या शीर्षकातच म्हणून ठेवले.

यावरून कोणी म्हणेल की मग सगळेच निकालात निघाले. तज्ज्ञांना फरक कळत नसेल तर चांगली नक्कल पुरे, अस्सलाचा आग्रह कशाला? आक्षेप वजनदार आहे. स्कॉट रॉस या वादकाने दोमेनिको स्कार्लातीचे ५५५ सोनाटा ३४ सीड्यांवर ध्वनिमुद्रित केले ते बहुतांशी आधुनिक कारागिरांच्या वाद्यांवर, आणि त्यावाचून काही अडले असे कोणी म्हणत नाही. पण स्कोव्रोनेकची गोष्ट नीट पाहिली तर ती आक्षेपाच्या उलट बाजूने बोलते. त्याला बनावट १७५५ जमले, कारण खरी जुनी वाद्ये त्याने हाताखालून घातली होती. नक्कल ही उसनवारी आहे, मूळ सावकार कुठेतरी असावा लागतो. शिवाय नक्कल करणारा तेच उतरवतो जे त्याला महत्त्वाचे वाटते. म्हणून एकाच तास्कँच्या इतक्या नकला झाल्या की पन्नास वर्षांत ‘हार्पसिकॉर्डचा आवाज’ म्हणजे तोच आवाज, असा समज रुजला. हा समज मोडला तो वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या काळांच्या अस्सल वाद्यांवरच्या ध्वनिमुद्रणांनी. सोळा फुटी तारांचेच घ्या. लांडोव्स्काबाईंविरुद्धच्या बंडात असा दंडक झाला की सोळा फुटी संच हा पियानोवाल्यांचा चावटपणा, जुन्या काळी असले काही नव्हतेच. पण हाम्बुर्गच्या हिएरोनिमुस हासने १७४० साली तीन कीबोर्डांचा जो हार्पसिकॉर्ड बनवला, त्यात सोळा फुटी तारा आहेत. तो पुढे आला राफाएल पुयाना या कोलंबियन वादकाच्या हाती, आणि पुयाना लांडोव्स्काबाईंचाच शिष्य. त्याने त्यावर बाख ध्वनिमुद्रित केला. प्लेयेलचे सगळे काही यातून निर्दोष सुटत नाही. पण शुद्धतावाद्यांनी ठोकून दिलेला नियम एका वाद्याच्या साक्षीने कोसळला. नकलेने हे कधीच केले नसते, कारण तो दंडक मानणाऱ्या काळात हासची नक्कल करायला कोण बसणार होते?

यापेक्षा मोठा आक्षेप रिचर्ड तारुस्किन या अमेरिकन संगीत-इतिहासकाराचा. त्याचे लेख १९९५ साली ग्रंथरूपाने एकत्र आले. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की ‘ऐतिहासिक’ म्हणून जे वाजवले जाते ती मुळात विसाव्या शतकाचीच आवड आहे. हलके, चपळ, भावनेला लगाम घातलेले वादन आपल्याला आवडते, आणि त्या आवडीला आपण इतिहासाचा शिक्का मारतो. हे मला बहुतांशी मान्य आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातली कितीतरी मुद्रणे आज ऐकली तर त्यांच्यावर १७२०पेक्षा त्यांच्याच दशकाची छाप जास्त दिसते. तारुस्किनच्या नजरेतून एक गोष्ट मात्र निसटली असे वाटते. आवड आपली असते, वाद्य आपले नसते. ते आवडीला आडवे येते. लुई कूपरँचे उदाहरण घ्या. सतराव्या शतकाच्या मध्यावरचा हा पॅरिसचा वादक पस्तिशीच्या आसपास वारला. त्याच्या काही प्रेल्यूडमध्ये तालाच्या खुणाच नाहीत. सगळे स्वर सारख्याच पांढऱ्या गोल चिन्हांनी लिहिलेले, त्यांच्यावरून लांबलचक वक्र रेषा, उभ्या मात्रारेषा नाहीत. कोणता स्वर किती वेळ धरायचा हे कागद सांगत नाही. पियानोवर बसून आपल्या आवडीने वाजवायला गेले तर ते गोंधळल्यासारखे वाटते. जुन्या वाद्यावर बसा. खर्जाचा स्वर किती वेळ गुंजतो, त्यावर वरचा स्वर कधी टेकला तर दोन्ही ऐकू येतात, हे हाताला कळू लागते. कागदाने सोडलेली जागा तारेची आस भरून काढते.

त्यात स्वरजुळणीची भर. आजचा पियानो समान स्वरांतरांवर जुळवतात, त्यामुळे प्रत्येक पट्टी सारखीच आणि प्रत्येक पट्टी थोडी बेसूर. गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा. मराठी कानाला हे समजावून सांगावे लागू नये. पेटीच्या ठोकळेबाज स्वरांवरून आपल्याकडे केवढे रण माजले होते, आणि आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दाराबाहेर ठेवले होते. कूपरँच्या काळच्या मीनटोन जुळणीत आठ गांधार अगदी शुद्ध लागतात, आणि त्याची किंमत म्हणून उरलेले चार कानाला बोचतात. त्याची एफ शार्प मायनरमधली पव्हान अशा जुळणीत ऐकली की ही पट्टी दुःखाची का, याचे उत्तर कानाला मिळते: बोचरे गांधार तिथे वाटेतच उभे आहेत. पियानोवर तीच रचना केवळ उदास वाटते. हा फरक कोणाच्या आवडीचा नाही, आणि कागदावरून तो कळतही नाही.

मात्र ही साक्ष आपल्या कानापर्यंत येते ती मायक्रोफोनच्या तोंडून, आणि तो भरवशाचा दुभाषी नव्हे. हार्पसिकॉर्ड हळू आवाजाचे वाद्य आहे. ध्वनिमुद्रक मायक्रोफोन जवळ आणतो, कारण नख्यांचे तपशील हवे असतात. मग मुद्रण मोठ्या पातळीवर होते, आणि आपण घरी ते पियानोच्या तबकडीइतक्याच जोरात लावतो. अशा वेळी लाकडाचा गुंजारव दबतो आणि धातूचा किणकिणाट तेवढा उरतो. हे वाद्य कर्कश असल्याची जी तक्रार लोक करतात, तिचा मोठा वाटा मला इथे दिसतो. दोन मुद्रणांच्या मधे वाद्य पुन्हा जुळवतात, चुकलेले तुकडे बदलतात, त्यामुळे दिवाणखान्यात बसल्या बैठकीत हळूहळू उतरणारा सूर तबकडीवर येतच नाही. आणि पट्टीचा, म्हणजे ‘ए’ या स्वराच्या सेकंदाला होणाऱ्या कंपनांचा, आकडा? बहुतेक मुद्रणांत ४१५ असतो. जुन्या काळी गावागणिक पट्टी वेगळी होती, फ्रान्समध्ये ती पुष्कळदा याहून खाली. ४१५ रूढ झाला कारण तो आजच्या ४४०च्या बरोबर अर्धा स्वर खाली बसतो आणि सगळ्यांना सोयीचा पडतो.

मग एवढ्या दुबळ्या साक्षीसाठी जुनी वाद्ये झिजवायची का? संग्रहालयांतल्या जतनकर्त्यांचा हा प्रश्न सर्वांत गंभीर, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तारा चढवल्या की वाद्याच्या अंगावर मोठा ताण येतो, लाकूड वाकते, सांधे उकलतात. दुरुस्ती करणारा प्रत्येक वेळी काहीतरी पुसून टाकतो, आणि पुसलेला पुरावा परत येत नाही. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वाद्यसमितीने १९८५ साली अशा वाद्यांना कोणी, कधी, कसा हात लावावा याच्या सूचना केल्या, त्या शहाणपणाच्या आहेत. काही वाद्ये कधीच वाजू नयेत, हे मान्य करायला हवे. उरलेली मोजकीच वाजवावीत, आणि वाजवताना त्यांचा आवाज नीट उतरवून घ्यावा, म्हणजे तेवढ्यासाठी पुन्हा तारा चढवाव्या लागणार नाहीत. ध्वनिमुद्रणाच्या बाजूने मला सर्वांत पटणारा युक्तिवाद हाच आहे. पण मुद्रण साक्षीचे काम करणार असेल तर त्याला जबाबासारखे पूर्ण असावे लागेल. म्हणून संग्रहालयांना आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांना सांगणे एवढेच: ‘रुकर्स, १६२८’ इतके छापून थांबू नका. पुढे कोणी वाद्य उघडले, केव्हा, काय बदलले, तारा कुठल्या, नख्या पिसाच्या की प्लास्टिकच्या, जुळणी कोणती, पट्टी किती, हे सगळे त्याच पानावर द्या. आणि तुम्हाला एक विनंती. आज रात्री घरी गेल्यावर एखादे असे मुद्रण लावाल, तेव्हा आवाज आधी नेहमीसारखा ठेवा, मग कमी करत न्या, शेजारच्या खोलीतले बोलणे त्याहून मोठे वाटेपर्यंत. तिथे थांबा आणि ऐका.